हायस्कूल बँडचं वर्ष आणि आपलं घर

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये मुलानं किंवा मुलीनं बँड घेतला, की मराठी घरात पहिली चर्चा वाद्याची होते. क्लॅरिनेट की ट्रंपेट, भाड्यानं की विकत? ही चर्चा हवीच. पण त्याआधी बँड म्हणजे किती मोठं काम आहे, हे नीट समजून घ्या. आठवड्यातून एकदा जाऊन यायचा हा छंदवर्ग नाही. बँड हा शाळेच्या वेळापत्रकातला विषय आहे, त्याला गुण आणि क्रेडिट आहेत, आणि ऑगस्टपासून मेपर्यंत घरातल्या सगळ्यांचे शुक्रवार-शनिवार त्याच्याभोवती फिरतात. सॉकरच्या संघात राखीव खेळाडू बाकावर बसलेले असतात. मार्चिंग बँडमध्ये बहुतेक वेळा तशी सोय नसते. प्रत्येकाची मैदानावरची जागा पावलापावलानं आखलेली असते. शाळेत ज्यांनी लेझीम खेळली आहे, त्यांना हे लगेच पटेल. एक जण आला नाही, तरी रांगेतली फट साऱ्या मैदानाला दिसते.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: बँडच्या तारखा घरच्या कॅलेंडरवर सर्वांत आधी लिहा, बाकीचं सगळं त्यांच्याभोवती बसवा. ते कसं करायचं, हे पुढे वर्षाच्या क्रमानं दिलं आहे.

फुटबॉल आणि बँड यांची सांगड इथे जुनी आहे. पर्ड्यू विद्यापीठाच्या बँडनं १९०७ साली रांगा मोडून मैदानावर इंग्रजी ‘पी’ अक्षर रचलं. मैदानावर आकृत्या रचण्याची प्रथा तिथून सुरू झाली असं मानतात. पहिल्या महायुद्धानंतर शाळाशाळांत बँड वाढले. १९२३ साली शिकागोत शालेय बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली आणि वाद्यं बनवणाऱ्या कंपन्यांनी तिला पाठबळ दिलं. आज शाळेच्या बँडचं वर्ष दोन भागांत विभागलेलं असतं. पानगळीच्या दिवसांत मैदानावरचा मार्चिंग बँड आणि थंडीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत सभागृहातला कॉन्सर्ट बँड. मुलं बहुतांशी तीच असतात, कामाची रीत मात्र पार वेगळी.

मे-जून: तिकिटं आणि वाद्य

पुढच्या वर्षाच्या ठळक तारखा बहुतेक बँड डायरेक्टर वसंतातच देतात. त्या हातात येईपर्यंत भारताची तिकिटं काढू नका. मराठी कुटुंबांची सगळ्यांत मोठी अडचण इथेच होते. जॉर्जियासारख्या राज्यांत शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच उघडते, त्यामुळे बँड कॅम्प जुलैतच असतो. न्यू जर्सीत शाळा सप्टेंबरमध्ये सुरू होते आणि कॅम्प ऑगस्टमध्ये येतो. कॅम्पच्या आदल्या रात्री विमानातून उतरलेलं मूल दुसऱ्या दिवशी उन्हात उभं राहू शकत नाही. निदान आठवडाभर आधी परत या. झोपेचं चक्र रुळावर यायला तेवढे दिवस लागतातच.

वाद्य घेण्यापूर्वी डायरेक्टरांशी बोला. ट्यूबा, युफोनियम, बसून, बॅरिटोन सॅक्सोफोन अशी मोठी वाद्यं बहुधा शाळेचीच असतात. बासरी, क्लॅरिनेट, ट्रंपेट ही वाद्यं दुकानातून महिन्याच्या भाड्यानं मिळतात आणि अनेक योजनांत भाड्याची रक्कम पुढे किमतीत वळती होते. भाड्याच्या करारात दुरुस्ती आणि विमा आहे का, ते वाचा. ऑनलाइन मिळणारी अनोळखी बनावटीची फार स्वस्त वाद्यं टाळा. त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत आणि दुरुस्तीवाले ती हातात घ्यायला तयार नसतात. लाकडी क्लॅरिनेट घरात असेल तर ती सभागृहासाठी ठेवा. ऊन, पाऊस आणि थंडी यांत लाकूड तडकतं, म्हणून मैदानावर प्लास्टिकची वापरतात. ओबो आणि बसून वाजवणाऱ्या मुलांना मैदानावर बहुधा दुसरं काम दिलं जातं. फ्रेंच हॉर्न वाजवणारे मेलोफोन घेतात. हे आधी ठाऊक असलं की ऑगस्टमध्ये मुलाचा हिरमोड होत नाही.

घरात पेटी असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. बँडमधली बरीच वाद्यं कागदावर लिहिलेल्या स्वरापेक्षा वेगळ्या पट्टीत बोलतात. क्लॅरिनेट किंवा ट्रंपेटवर लिहिलेला ‘सी’ वाजवला, की कानावर काळी पाच येते. आल्टो सॅक्सोफोनचा ‘सी’ म्हणजे काळी दोन आणि फ्रेंच हॉर्नचा पांढरी चार. मूल सरावाला बसलेलं असताना शेजारी पेटी धरून ‘तुझा स्वर चुकतोय’ असं म्हणू नका. बरोबर वाजवायचंच असेल तर त्याच्या वाद्याची पट्टी विचारून घ्या आणि पेटीवर तिथे सा धरा. तबला शिकलेल्या किंवा गणपतीच्या ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्या मुलांना ड्रमलाइनमध्ये, म्हणजे बँडच्या ढोलवाद्यांच्या ताफ्यात, लयीचा फायदा नक्की मिळतो. पण काठी धरण्याची पद्धत आणि नोटेशन वाचणं त्यांना नव्यानं शिकावं लागतं. ड्रमलाइनची निवडचाचणी बऱ्याच शाळांत वसंतातच होते. त्यासाठी मेट्रोनोम लावून संथ लयीत सराव करायची सवय आधीपासून लावा.

जुलै-ऑगस्ट: बँड कॅम्प

कॅम्प एक-दोन आठवड्यांचा, बहुधा सकाळपासून संध्याकाळपर्यंत असतो. मुलं इथे चालायला शिकतात. ‘एट टू फाइव्ह’ म्हणजे पाच यार्डांत आठ समान पावलं, एक पाऊल साडेबावीस इंचांचं. वरचं अंग स्थिर ठेवून, वाद्य न हलवता, नजर बँडचं संचालन करणाऱ्या ड्रम मेजरकडे ठेवून हे पाऊल टाकायचं असतं. प्रत्येकाला त्याच्या जागांची यादी मिळते: कोणत्या यार्ड रेषेपासून किती पावलं, पुढच्या सीमारेषेपासून किती पावलं. मुलं या जागेला ‘डॉट’ म्हणतात. एका कार्यक्रमात असे कित्येक डॉट असतात आणि ते संगीतासकट पाठ करावे लागतात. संध्याकाळी मूल दमून गप्प बसलं, तर प्रश्नांची सरबत्ती करू नका. जेवू द्या आणि झोपू द्या.

या दिवसांत खरा धोका उन्हाचा आहे. पाण्याचा मोठा जग, टोपी, सनस्क्रीन आणि चांगल्या तळव्याचे खेळाचे बूट रोज न्यायला सांगा. चपला घालून मैदानावर उतरू नये. सकाळी पोटभर न्याहरी हवी. पोहे, उपमा, अंडी, काहीही चालेल, पण रिकाम्या पोटी जाऊ देऊ नका. कॅम्पच्या दोन आठवडे आधीपासून रोज थोडा वेळ उन्हात चालायला लावा, म्हणजे शरीर सरावतं. चक्कर, मळमळ, डोकेदुखी सुरू झाली तर लगेच सावलीत जायचं आणि मोठ्यांना सांगायचं, हे मुलाच्या मनावर ठसवा. आपली मुलं भिडेपोटी गप्प राहतात. सांगणं म्हणजे कमीपणा नव्हे, हे घरातूनच कळायला हवं. बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा: ९११ ला फोन करायचा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबून न राहता गार पाण्यानं अंग थंड करायला लागायचं. दमा, मधुमेह, अ‍ॅलर्जी असेल तर वैद्यकीय फॉर्ममध्ये ते स्वच्छ लिहा. काही लपवू नका.

ड्रमलाइनच्या मुलांना कानात घालायचे प्लग द्या आणि ते रोज वापरले जातात ना, ते पाहा. कानाचं झालेलं नुकसान भरून येत नाही. सूझाफोन, म्हणजे अंगाभोवती घालायचा ट्यूबा, वाहणाऱ्या मुलाच्या खांद्यांकडे लक्ष ठेवा. पितळी सूझाफोन तीस पौंडांच्या आसपास भरतो.

सप्टेंबर ते नोव्हेंबर: मैदान

आठवडा साधारण असा असतो: शाळा सुटल्यावर दोन-तीन दिवस सराव, शुक्रवारी रात्री फुटबॉलचा सामना, शनिवारी स्पर्धा. शुक्रवारी मुलं प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर बसून संघासाठी वाजवतात आणि मध्यंतरात मैदानावर उतरतात. स्पर्धेतला कार्यक्रम साधारण सात-आठ मिनिटांचा असतो, पण त्यासाठी पहाटे निघून मध्यरात्री परतावं लागतं. टेक्सासात शाळेच्या वेळेबाहेरचा सराव आठवड्याला आठ तासांपर्यंतच ठेवण्याचा राज्यव्यापी नियम आहे. बाकी राज्यांत हे जिल्ह्यावर आणि डायरेक्टरवर अवलंबून असतं, तेव्हा सुरुवातीलाच विचारून घ्या.

पालक म्हणून पाहायला जाल तेव्हा पन्नास यार्डांच्या रेषेजवळ शक्य तितक्या वरच्या पायऱ्यांवर बसा. आकृत्या वरूनच कळतात. खाली बसलात तर फक्त आपलंच मूल दिसेल आणि रचना निसटेल. कार्यक्रम चालू असताना उठबस करू नका. दुसऱ्या शाळांच्या बँडलाही टाळ्या द्या. मैदानाच्या पुढच्या कडेला मरिंबा आणि व्हायब्राफोन घेऊन उभी असलेली मंडळी, झेंडे आणि लाकडी बंदुका फिरवणारे कलर गार्ड, हे सगळे बँडचेच भाग आहेत. आपल्या मुलीनं गार्ड निवडलं तर ‘वाद्य का नाही?’ असं विचारू नका. तिचं काम शरीराला तितकंच कस लावणारं आहे.

निकालाच्या बाबतीत एक पथ्य पाळा. स्पर्धेत संगीत आणि दृश्य यांना वेगवेगळे परीक्षक गुण देतात आणि दर आठवड्याला आकडे वरखाली होतात. गाडीत बसल्याबसल्या क्रमांकाची चिकित्सा करू नका. ‘आज तुमचा सेक्शन कसा वाजला?’ असं विचारा, मूल आपोआप बोलू लागेल. काही शाळा नोव्हेंबरमध्ये इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये होणाऱ्या बँड्स ऑफ अमेरिकाच्या ग्रँड नॅशनल्सपर्यंत जातात, तर काहींचा हंगाम घरच्या शेवटच्या सामन्याबरोबर संपतो. दोन्हीकडची मुलं घाम तेवढाच गाळतात.

अभ्यासाची जबाबदारी याच दिवसांत सांभाळायची असते. टेक्सासात नापास झालेल्या विद्यार्थ्याला निदान तीन आठवडे स्पर्धा-सामन्यांत भाग घेता येत नाही. म्हणजे एका विषयातली ढिलाई साऱ्या बँडला रांगेतली फट देऊन जाते. बसमधला वेळ, शुक्रवारची दुपार आणि रविवार यांचा अभ्यासासाठी आधीच हिशेब मांडा.

गणपती, दिवाळी आणि शनिवार

गणेशचतुर्थी ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरमध्ये येते, तेव्हा कॅम्प नुकताच संपलेला असतो. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीही येते, म्हणजे ऐन अंतिम फेऱ्यांच्या वेळी. महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रमही शनिवारीच असतात. हा पेच दर वर्षी पडणार, हे गृहीत धरा आणि ऑगस्टमध्येच तो सोडवा. सणांच्या तारखा डायरेक्टरांना लेखी कळवा. धार्मिक सणासाठी गैरहजेरी मान्य करण्याची सोय बहुतेक शाळांत असते, पण ती आयत्या वेळी मागायची नसते. आधी सांगितलं तर सरावाची तारीख हलवणारे डायरेक्टरही भेटतात.

घरची पूजा मात्र आपल्या हातात आहे. लक्ष्मीपूजन तिथीलाच संध्याकाळी करा, मूल सरावाहून उशिरा आलं तरी आरतीला थांबा. फराळाचं एकत्र जेवण रविवारी ठेवा. मुलाच्या सेक्शनसाठी चकल्या आणि शंकरपाळ्यांचा डबा पाठवा, त्यातून त्याच्या सणाची ओळख बँडला होते. मात्र डब्यात शेंगदाणे आणि सुकामेवा नको. दाण्याचे लाडू, चिक्की, काजूकतली घरीच ठेवा, कारण बँडमध्ये दाण्यांची अ‍ॅलर्जी असलेलं कुणी ना कुणी असू शकतं. डब्यावर घटकांची यादी लिहा.

शाकाहारी मुलांची बसमध्ये आबाळ होते, तीही टाळता येते. स्पर्धेच्या दिवसाचं जेवण बूस्टर, म्हणजे बँडला मदत करणाऱ्या मंडळातले पालक, ठरवतात. त्या बैठकीत जाऊन शाकाहारी पर्याय मागा आणि तो पुरवायची जबाबदारीही घ्या. बरोबर पोळीचा रोल, दशम्या, केळी द्या. गणवेश चढवल्यावर बहुतेक बँड पाण्याशिवाय काही पिऊ देत नाहीत, कारण रंगीत पेयांचे डाग निघत नाहीत. खाणंपिणं त्याआधी उरकायचं, हे मुलाला सांगा.

डिसेंबर ते फेब्रुवारी: सभागृह

मैदान संपतं आणि मुलं खुर्चीवर बसतात. आता कामाचा भर नाद, श्वास आणि दुसऱ्याचं ऐकणं यावर येतो. अनेक बँड काळी पाचवर, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘कॉन्सर्ट बी फ्लॅट’वर वाद्यं जुळवतात. तो एक स्वर सगळ्यांच्या तोंडून एकजीव व्हायला मिनिटं जातात, आणि ती वाया जात नाहीत. १९०९ मध्ये गुस्ताव होल्स्टनं लष्करी बँडसाठी लिहिलेला पहिला सूट आजही शाळा वाजवतात. मुलानं त्याचं नाव घेतलं तर घरी स्पीकरवर लावून सगळे मिळून ऐका. भैरव-यमनवर वाढलेल्या कानांना सुरांचे थर एकावर एक चढताना ऐकणं हा नवा आनंद असतो.

याच काळात राज्यपातळीच्या, म्हणजे ऑल-स्टेटच्या चाचण्या होतात. ठरलेले एट्यूड आणि स्केल तयार करायचे असतात. खासगी शिक्षक लावायचा असेल तर ही वेळ चांगली. आठवड्यातून अर्धा तास पुरतो, मात्र घरी रोजचा सराव हवा. रोजची वीस एकाग्र मिनिटं शनिवारच्या दोन तासांपेक्षा कामी येतात. रीडची वाद्यं वाजवणाऱ्यांनी तीन-चार रीड आळीपाळीनं वापरावीत, वाजवून झाल्यावर पुसून सपाट ठेवावीत. पितळी वाद्यांना व्हॉल्व्ह ऑइल नियमानं लागतं. वाद्य गाडीत रात्रभर ठेवू नका, थंडी आणि ऊन दोन्ही त्याला सोसत नाहीत. दातांना ब्रेसेस लावायच्या असतील तर पितळी वाद्यांच्या मुलांना सुरुवातीचे काही आठवडे फार त्रास होतो. दंतवैद्याची वेळ चाचणी किंवा कॉन्सर्टनंतरची घ्या आणि डायरेक्टरांना सांगा.

ज्यांना मैदानाची ओढ आहे, ती मुलं विंटर गार्ड किंवा इनडोअर पर्कशनकडे वळतात. शाळेच्या व्यायामशाळेत मोठी चादर अंथरून हे कार्यक्रम होतात आणि त्यांची जागतिक स्पर्धा वसंतात ओहायोतल्या डेटनला भरते. हे घ्यायचं की हिवाळ्यात विसावा घ्यायचा, हे मुलाचा अभ्यास आणि झोप पाहून ठरवा. दोन्ही निवडी योग्य आहेत.

मार्च ते मे: परीक्षा आणि निरोप

वसंतात राज्याचं मूल्यमापन होतं. बँड तयार केलेल्या रचना वाजवतो आणि मग अनेक राज्यांत दुसऱ्या खोलीत जाऊन कधीही न पाहिलेलं संगीत थोडा वेळ डोळ्यांखालून घालून लगेच वाजवावं लागतं. इथे बँडची तुलना दुसऱ्या शाळेशी होत नाही, ठरलेल्या निकषांशी होते. सर्वोच्च श्रेणीला ‘सुपीरियर’ म्हणतात. मला वर्षातली ही परीक्षा सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण वर्षभरात मुलं खरोखर वाचायला शिकली का, ते यात उघड होतं.

सहल असेल तर तिचे हप्ते पानगळीतच सुरू होतात. बँडच्या वर्षअखेरच्या मेजवानीत वरच्या वर्गातल्यांना निरोप दिला जातो आणि त्याच सुमारास ड्रम मेजर, सेक्शन लीडर यांच्या निवडी होतात. मूल निवडलं गेलं नाही तर दोन दिवस दुःख करू द्या आणि मग डायरेक्टरांना भेटून कुठे सुधारायचं, ते त्यानं स्वतः विचारावं. तुम्ही ईमेल लिहू नका.

पैसे, हात आणि कॉलेज

खर्च शाळेगणिक वेगळा असतो. काही ठिकाणी काही शे डॉलर, मोठ्या स्पर्धात्मक बँडमध्ये त्याच्या कित्येक पट. कॅलिफोर्नियात सार्वजनिक शाळांना शैक्षणिक उपक्रमासाठी सक्तीचं शुल्क घेता येत नाही, त्यामुळे तिथे मागितली जाते ती देणगी असते. बाकी ठिकाणी अडचण असेल तर डायरेक्टरांशी थेट बोला. पैशांमुळे मूल बाहेर पडू नये म्हणून अनेक बूस्टर मंडळांकडे मदतनिधी असतो. मागताना संकोच वाटत असेल तर आज घेतलेली मदत पुढे दुसऱ्या मुलाला परत करता येते, एवढं लक्षात असू द्या.

पैशाइतकेच हातही लागतात. ट्रकमध्ये वाद्यं चढवणं, गणवेशाचे टाके घालणं, पाण्याच्या बाटल्या वाटणं, बसमध्ये देखरेख करणं. मराठी पालक देणगी लगेच देतात, पण या कामांत मागे राहतात असा माझा अनुभव आहे. एक तरी काम वर्षभरासाठी घ्या. मुलाचे मित्र, त्यांचे आईवडील, शाळा कशी चालते, हे सगळं त्या ट्रकपाशी उभं राहून जितकं कळतं तितकं कोणत्याही पालकसभेत कळत नाही.

कॉलेजच्या चिंतेबद्दल स्पष्ट बोलू या. काही जिल्ह्यांत बँडच्या तासाला एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) विषयाइतकं वजन नसतं आणि त्यामुळे भारित सरासरी किंचित खाली येते, ही गोष्ट खरी आहे. समुपदेशकाला नेमका नियम विचारा. शाळेच्या मार्चिंग बँडबद्दल टेक्सासात शारीरिक शिक्षणाचं क्रेडिट मिळू शकतं, आणि एक तास मोकळा होतो. पुढे संगीत हा पेशा करायची गरज नाही. पर्ड्यूसारख्या विद्यापीठाच्या बँडमध्ये अभियांत्रिकी शिकणारी मुलं भरपूर असतात. पण केवळ अर्जात लिहायला म्हणून मुलाला बँडमध्ये ठेवू नका. ऑगस्टच्या उन्हात ते टिकणार नाही, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलावर तो अन्याय होईल.

मे महिन्यात पुढच्या वर्षाच्या बांधिलकीचा फॉर्म घरी येतो. त्यावर सही करण्यापूर्वी मुलाला निवांत विचारा: हे तुला हवंय का? नको असेल तर तेही सन्मानानं स्वीकारा आणि आताच कळवा, म्हणजे मैदानाचा आराखडा त्याच्याशिवाय आखला जाईल. हवं असेल तर सही करा, तारखा लिहून घ्या आणि मग वर्षभर त्या सहीला जागा. शंभरेक मुलं त्याची जागा भरलेली असेल या भरवशावर आपलं पाऊल टाकणार आहेत. इतक्या जणांचा भरवसा इतक्या लहान वयात पेलायला शिकवणारं काम मुलाला मिळत असेल, तर त्यासाठी घरानं आपले शनिवार आनंदानं द्यावेत.